राव तिसऱ्या सोपानात नापास होते

पाण्याने त्यांना नेलं, असं आमच्या वसाहतीत अजूनही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे. मुकुंद राव गेले ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर, पहाटेच्या झोपेत. सकाळी मी बँकेत जायच्या गडबडीत डबा भरत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, अंबुजाबाईंचा फोन आला. आवाजात रडणं नव्हतं, नुसता गोंधळ होता. "अक्का, हिंगे या, आमच्या घरीं. काफी थंड झाली, ते उठनांत." मी डबा तसाच टाकून पायात चपला न घालता धावले. रावांचा हात हातात घेतला आणि कळलं. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं. एवढं सरळ मरण. पण आठवडा उलटला नाही तोच कुजबुज सुरू झाली... साठीला टेकलेल्या माणसाला विहिरीत उतरवायचं म्हणजे काय? छातीवर ताण येणारच. आणि उतरवलं कुणी? त्या महाराष्ट्रातल्या बाईने! तर ती बाई मी. मी त्यांना पाण्यात उतरवलं हे खरं आहे, आणि राव उद्या परत आले तर परत उतरवीन. ज्यांना मला नावं ठेवायची आहेत त्यांनी खुशाल ठेवावीत, पण आधी सगळी हकिगत ऐकावी.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. नवऱ्याला आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात नोकरी लागली आणि चेन्नईच्या या टोकाला येऊन पडलो. इथे मराठी माणूस भेटणार नाही अशी मनाची तयारी करून आले होते, तर एका संध्याकाळी दारात करडा शर्ट, निळी पँट, गळ्यात स्काउटचा स्कार्फ आणि शिट्टी अशा वेशात एक काटकुळे गृहस्थ उभे. माझ्या नवऱ्याच्याच विभागात काम करणारे. म्हणाले, "तुमचं पोरगं मज द्या. आठवड्यांत एक दिवस. माणूस करून परत देतों." हे मराठी ऐकून मी आधी हसले आणि मग कान देऊन ऐकू लागले. त्यांच्या घराण्याला तंजावरात येऊन किती पिढ्या झाल्या याचा हिशेब त्यांनाही सांगता येत नव्हता. आमच्या आजीच्याही आजीचे वाटावेत असे शब्द, त्यावर तमिळचा हेल, आणि मध्येच एखादा अख्खा तमिळ वाक्प्रचार. मी "पाणी प्या" म्हटलं की त्यांना माझं मराठी वर्तमानपत्रासारखं वाटायचं. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंही. माझा निखिल तेव्हा सहावीत होता. त्याला मराठीपेक्षा तमिळ बरं येत होतं आणि शिस्त कुठल्याच भाषेत येत नव्हती. दिला रावांच्या ताब्यात.

स्काउटमध्ये मुलं कशी वर चढतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. आधी प्रवेश, म्हणजे वचन द्यायचं, नियम पाठ करायचे, स्कार्फ मिळवायचा. मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. त्याच्याही वर राज्यपालांच्या हातचा पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपतींचा. प्रत्येक सोपानाची वेगळी परीक्षा. गाठी मारणं, प्रथमोपचार, नकाशा वाचणं, उघड्यावर स्वयंपाक, मुक्काम. परीक्षा झाली की शर्टाच्या बाहीवर त्या सोपानाचा बिल्ला शिवायचा, आणि पुढचा सोपान मिळाला की आधीचा उसवून त्या जागी नवा. मुलांना बिल्ल्याचं वेड, आईबापांना प्रमाणपत्राचं. कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो, सरकारी नोकरीत झुकतं माप मिळतं असं सगळे म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर मुलांपेक्षा बाबालोकांची गर्दी जास्त. "राव सार, आमचा कधी वर जाणार?" राव म्हणायचे, "तो चढेल तेव्हां." त्यांचा हा शांतपणा मला आवडायचा. बाकीच्यांच्या डोक्यात जायचा.

शोकसभेत सगळ्यांनी त्यांना मृदू, सोशिक, देवमाणूस वगैरे म्हटलं. मी तिथेच खुर्चीत चुळबुळ करत होते. कसले मृदू! हट्टी माणूस होता. खडूसही होता. एकदा एका मुलाने आईकडून बिल्ला शिवून घेतला हे टाक्यांवरून त्यांच्या लक्षात आलं, तर सगळ्या पथकासमोर उसवायला लावून त्यालाच सुईदोरा दिला. पोरगं रडलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई भांडायला गेली, तर अंबुजाबाईंनी तिला बसवून काफी दिली आणि राव आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. असे होते ते. मला त्यांचं कौतुक करायचं आहे, पण जसे होते तशांचं.

मग त्सुनामीच्या त्या डिसेंबरात समुद्र आत आला. आम्ही किनाऱ्यापासून लांब, आमच्याकडे रविवारच्या सकाळी फक्त बातम्या आल्या आणि पाठोपाठ फोन. तिसऱ्याच दिवशी राव मोठ्या मुलांना घेऊन समुद्राकडच्या एका शाळेत मदतीला गेले. जमलेले कपडे वेगळे करायचे, गठ्ठे बांधायचे, रांगा लावायच्या. निखिलही होता. रात्री परत येत, सकाळी पुन्हा जात. चार दिवसांनी राव आमच्याकडे आले ते बसेनातच. भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "अक्का, पोरांच्या बाहीवर मी लबाडी शिवलोंय." मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. तृतीय सोपानात पोहण्याची परीक्षा असते. पण जिथे पोहण्याची सोय नाही तिथे त्याऐवजी एखादा खेळ वगैरे चालवून घेता येतो, अशी मुभा आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं ती मुभाच वापरली गेली. निखिलच्या मोठ्या दोस्तांपैकी निम्म्यांच्या बाहीवर तृतीय सोपानाचा बिल्ला, आणि पोहता एकालाही येत नाही. त्या शाळेच्या आवारात, नवरे नि पोरं गमावलेल्या बायांच्या समोरून ही मुलं तो बिल्ला लावून गठ्ठे वाहत होती आणि राव ते बघत उभे होते... "आणि मजही येईना," ते म्हणाले. "मी शिकवणारा."

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी जे केलं त्यावर अख्ख्या वसाहतीने त्यांना वेड्यात काढलं. मुलांना रांगेत उभं करून ते म्हणाले की यापुढे मुभा बंद. तृतीय सोपान हवा असेल तर पोहायचं. आणि मी स्वतः लहानपणी फक्त प्रवेशापर्यंत पोचलो होतो, वडील गेले आणि सुटलं. मोठेपणी मास्तरांचं शिबिर करून सरळ मास्तर झालो. आता मी खालून सुरू करणार, आणि परीक्षा तुम्ही घ्यायची. नियमात असलं काही बसत नाही, मोठ्या माणसांना सोपान नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. "नियमांत नाहीं म्हणून कोण बी देणार नाहीं. पोरं देतील, तेवढें पोदुम," म्हणाले. पोदुम म्हणजे पुरे. एक जुना शर्ट त्यासाठी बाजूला काढला, बाह्या अगदी कोऱ्या.

पुढचे काही महिने आम्हाला फुकटचा तमाशा होता, आणि मी एकही शुक्रवार चुकवला नाही. प्रथम सोपानाला निखिलने त्यांना डोळे बांधून बचावाची गाठ मारायला लावली. तीच गाठ ज्यांनी त्याला शिकवली, त्यांना! मारली त्यांनी. द्वितीय सोपानाला उघड्यावरचा स्वयंपाक. रावांनी सांबार करायचं ठरवलं. सांबार हा आमच्या तंजावरच्या मराठ्यांनी जगाला दिलेला पदार्थ आहे यावर त्यांची देवाइतकी श्रद्धा. चूल पेटली, डाळ चढली आणि राव मुलांना सांबाराचा इतिहास सांगू लागले. राजवाडा, पाहुणे, आमसुलं संपली म्हणून चिंच घातली... इतिहास रंगला आणि डाळ तळाला लागली. करपल्याचा वास मैदानभर. निखिलने पळी घालून चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "सार, फेल." राव खो खो हसले. अंबुजाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. टाळ्या वाजवून म्हणाल्या, "इतक्या वरसांत पैल्यांदा चुलीपशीं बसलेत. करा फेल, आणखीन चार वेळां फेल करा!" पुढच्या आठवड्यात त्यांनी तोंड बंद ठेवून सांबार केलं आणि पास झाले. बिल्ला स्वतः शिवला. टाके वाकडे होते, पण त्यांचे होते.

मग आला तृतीय सोपान, आणि हसणं संपलं. त्या वर्षी चेन्नईत पाणी म्हटलं की आया मुलांना मागे ओढायच्या. समुद्र तर दूरच, मुलं नळाखाली जास्त वेळ बसली तरी हाका मारत. वसाहतीच्या हॉलमध्ये पालकांची बैठक झाली. एक वडील उठून म्हणाले, आमच्या मुलांची राज्य पुरस्काराची संधी जातेय, एक वर्ष वाया जातंय, तुमच्या हट्टापायी. जिल्ह्याचे एक पदाधिकारीही आले होते. त्यांनी गोड आवाजात समजावलं की मुभा आहे तर वापरायची, कुणी विचारत नाही. रावांनी सगळं ऐकून घेतलं. उत्तर एकच दिलं, "मी सही करणार नाहीं." मग प्रश्न आला की पोहायला शिकवणार कोण? तुम्हाला तरी येतं का? सगळे हसले. रावांची मान खाली गेली... आणि माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी शिकवते. आमच्या गावच्या विहिरीत भावांबरोबर पाठीला पांगाऱ्याच्या तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून मी पोहायला शिकले आहे, आणि थोरल्या भावाच्या आधी बिंडा सोडला आहे. माझ्या नवऱ्याने डोक्याला हात लावला.

तिरुनिन्रवूरच्या पुढे एका शेतमालकाने त्याची विहीर वापरू दिली. दगडी, ऐसपैस, आतपर्यंत पायऱ्या, वर मोगऱ्याचं शेत. रविवारी सकाळी आम्ही लोकल गाडीने निघायचो, हातात खाद्यतेलाचे रिकामे कॅन. पांगारा कुठून आणणार? पथकातली निम्म्याहून जास्त मुलं आईबापांनी काढून घेतली. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि राव. मी जुना सलवार-कमीज घालून पाण्यात उतरायचे. त्यावरून काय काय बोललं गेलं ते मला अंबुजाबाईंकडून रोज कळायचं, आणि दोघी मिळून हसायचो. मुलं काय, बेडकं. पहिल्या महिन्यात कॅन सोडून सूर मारायला लागली. रावांचं मात्र जमेना. शेवटच्या पायरीवर छातीएवढ्या पाण्यात उभे राहायचे आणि कडेचा दगड सोडायचे नाहीत. बोटं पांढरी पडायची. लहानपणी काही झालं होतं का, कुणी बुडताना पाहिलं होतं का, असं मी विचारलं. "कांहीं नाहीं," ते म्हणाले. "मज भय होतें, अक्का. तेवढेंच. लबाडी कशाला सांगूं?" मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. मी त्यांचा हात दगडावरून सोडवला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

मुलांनी विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ठरल्या फेऱ्या न थांबता मारल्या आणि तृतीय सोपान घेतला. वर्ष गेलं होतं, ते गेलंच. पण पुढच्या पुरस्काराला ती गेली तेव्हा बाहीवरचा बिल्ला खरा होता. राव मागेच राहिले. मुलं कॉलेजात गेली, नवी आली, तीही शिकून पुढे गेली. राव अजून कॅन बांधून. पण रविवार चुकवला नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, राव, आता पुरे, तुम्ही मुलांना शिकवलंत, काम झालं. तर माझ्यावरच चिडले. "मज शिकायचें आहे. तुमाला दमलें असेल तर तुमी बसा वर." बसले नाही अर्थात.

जायच्या आधीच्या रविवारी त्यांनी कॅन सोडला. मी सांगितलं नव्हतं. स्वतःच दोरी सोडली, कॅन पायरीवर ठेवला आणि दगडाला ढकलून निघाले. कसलं पोहणं ते! मान ताठ, पाय खाली, हात नुसते पाण्याला मारताहेत. मी बाजूने पोहत होते, हात लावायची हिंमत झाली नाही, कारण लावला असता तर त्यांनी मला जन्मात क्षमा केली नसती. पलीकडची कड धरली आणि मागे वळून पाहिलं. निखिल सुट्टीवर घरी आला होता, वर पायरीवर बसलेला. राव धापा टाकत म्हणाले, "काय रे?" निखिल म्हणाला, "एक फेरी, सार. पास इल्ले." पास नाही. राव इतके हसले की नाकातोंडात पाणी गेलं. "सरि, बरें," म्हणाले, "पुढच्या आठवड्यांत." परतताना गाडीत खिडकीशी बसून झोपले. तो आठवडा त्यांना मिळाला नाही. मला त्याचं दुःख आहे, रोज आहे. पण जो माणूस भीतीला हरवून आदल्याच रविवारी त्या कडेला पोचला, त्याला पाण्याने नेलं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

आता शोकसभेचं. रावांचा मोठा फोटो, हार, आणि फोटोपुढे त्यांचा तो जुना शर्ट घडी करून ठेवलेला. जिल्ह्याचे तेच पदाधिकारी भाषणाला उभे राहिले. अखेरपर्यंत जिद्दीने पोहायला शिकले वगैरे बोलून त्यांनी खिशातून तृतीय सोपानाचा बिल्ला काढला आणि दुसऱ्या सोपानाच्या बिल्ल्यावर टाचणीने लावून टाकला. टाळ्या. काही बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात निखिल उभा राहिला. तमिळमध्ये म्हणाला, सार पास झाले नव्हते, परीक्षा मी घेतली होती. पदाधिकारी हसले, त्याच्या पाठीवर थोपटून तमिळमध्येच म्हणाले, "अरे बाळा, आता काय त्याचं? त्यांना मान द्यायला नको?" पुन्हा टाळ्या. मुलगा खाली बसला, लाल झालेला. मी त्याचा हात धरला. मला त्या दिवशी वाटलं की रावांनी याला खरंच माणूस करून परत दिला.

सभा संपली तशी अंबुजाबाई उठल्या. शर्ट पिशवीत घालून घरी नेला, टाचणी काढली, बिल्ला टेबलावर ठेवला. काही दिवसांनी मी त्यांच्याकडे बसले असताना ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी हातात प्रमाणपत्र, चौकटीत बसवलेलं, रावांचं नाव सोनेरी अक्षरांत. भिंतीवर लावा म्हणाले, वसाहतीतल्या मुलांना प्रेरणा मिळेल. अंबुजाबाईंनी त्यांना काफी दिली. चौकट हातात घेतली, नीट वाचली, आणि अगदी साधेपणाने, पाहुण्याला साखर विचारावी तसं तमिळमध्ये विचारलं, "उंगळुक्कु नीच्चल तेरियुमा?" तुम्हाला पोहता येतं का? ते म्हणाले, नाही अम्मा, कधी वेळच झाला नाही. "मग हें तुमीच ठेवा," अंबुजाबाई आता मराठीत म्हणाल्या, आपल्याशीच बोलावं तशा. बिल्ला आणि चौकट दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली. भाषा त्यांना कळली नाही, पण अर्थ कळला असावा. काफी अर्धी टाकून ते उठले.

शर्ट त्यांच्या पुढच्या खोलीत खुंटीला टांगलेला आहे, धुऊन, इस्त्री करून. भेटायला येणारे विचारतात, राव सार कुठपर्यंत पोचले होते? अंबुजाबाई बाहीकडे बोट दाखवतात. वाकड्या टाक्यांनी शिवलेला द्वितीय सोपान. "तिसरा झाला नाहीं," त्या सांगतात. "शिकत होते."